फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

मला कागदाचे कोपरे फाडायची सवय होती. होती म्हणतो खरा, पण आताही हे लिहिताना डाव्या हाताशी कागदाची एक बारीक सुरळी पडली आहे, आणि ती कुठून आली ते या पानाचा खालचा कोपरा पाहिला की कळतं. विचार सुरू झाला की माझी बोटं कागद शोधतात. कोपरा फाडायचा, त्याची सुरळी करायची, दातात अडकलेली सुपारी काढायची, नाही तर नुसतीच कानात फिरवायची आणि खिशात टाकून विसरायची. खामगावला कापसातली सरकी काढणाऱ्या ज्या जिनात मी कारकून होतो तिथल्या एकाही वहीला चार कोपरे शिल्लक नव्हते. मॅनेजर एकदा म्हणाले, "उंदरांसाठी मांजर पाळलं. आता तुमच्यासाठी काय पाळावं?" मी मनापासून हसलो. बावीस वर्षांचा होतो, आणि साहेबाच्या विनोदाला हसणं हे नोकरीतलंच काम आहे असं समजत होतो.

या सवयीपायी मी एका बाईला जिवंतपणी मारलं.

ती मोठीमाय. अख्खी गल्ली तिला मोठीमाय म्हणायची, म्हणून मीही. माझी ती कोणी नव्हती. तसं पाहिलं तर त्या घरात कोणीच कोणाचं नव्हतं. कापसाच्या बाजारामागच्या गल्लीत तिच्या नवऱ्यानं मागं ठेवलेल्या दोन खोल्या, पुढं ओटा, मागं अंगण आणि अंगणात एक कडुलिंब. नवरा जाऊन तीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, वय सत्तरीपार. दिवसभर ओट्यावर बसून ती विडी ओढायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायची. कोणी नवा कोट घालून निघाला की हिचं सुरू, "काऊन बापा, कोट तुया हाय की तू कोटाचा?" सासरच्यांपाशी का राहत नाहीस, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "आपला वऱ्हाड पाह्य ना. मालक हैदराबादचा निजाम, कारभार गोऱ्याचा, अन् हुकूम येते नागपूरहून. ज्याचा त्याच्यापाशी कोन नांदते बाप्पा? मीच एकटी काऊन नांदू?"

तिच्या घरात पहिली आली ती पिंजारीण खाला. एका दिवाळीच्या आधी ती गादीचा कापूस पिंजायला आली. एकटी मुसलमान विधवा, खांद्यावर पिंजायची कमान. कापूस पिंजून झाला, गादी भरून झाली, शिवून झाली, आणि मोठीमाय म्हणाली, "आता एवढ्या रुंद गादीवर मी एकटी काय करू वं? लोळू?" खाला राहिली ती राहिलीच. दुसरा मामा. जिनात सरकी काढायच्या रेचाखाली त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. उरलेल्या तीन बोटांनी तो पत्ते असे लपवायचा की दहा बोटांच्या माणसाला जमू नये. तो रोज पत्ते खेळायला यायचा आणि एके दिवशी घरी जायचं विसरला. शेवटचा मी. समोरच्या खानावळीत जेवून मी आजारी पडलो तेव्हा मोठीमायनं मामाला पाठवून माझी पत्र्याची पेटीच उचलून आणली. म्हणाली, "खानावळीतलं खाऊन खाऊन तुया रंग त्यांच्या पातय वरणासारखा झाला."

तिला सख्खा भाऊ होता. धाकटा. घाटावर, चिखलीच्या पलीकडे दीड कोसावर त्याचं गाव. आमच्या बुलढाण्यात घाटाखालचा माणूस घाटावरच्याला थोडा कडक समजतो आणि घाटावरचा घाटाखालच्याला थोडा बिघडलेला. या भावानं दोन्ही समज खरे करून दाखवले होते. मी तिथं राहायला येण्याच्या बारा वर्षं आधी तो भाऊबीजेला आला होता. उन्हातून आला, ओट्यावर बसला. खालानं पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि सगळं पाणी ओट्याखाली ओतून दिलं. मोठीमायनं तोच तांब्या उचलला, आत जाऊन खालाच्या हातून भरून घेतला, भावासमोर उभी राहून घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "पानी सांडलं ना तू? आता बहीनबी सांडली समज." भाऊ ओवाळून न घेता उठून गेला. तेव्हापासून तिला माहेरचं बोलावणं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. बारा आखाज्या ती ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या लेकींना निरोप देत राहिली. थट्टा करत द्यायची, पण त्या दिवशी विड्या जास्त ओढायची. हे मामानं मला सांगितलं, आणि मामाला विड्यांचा हिशेब बरोबर ठाऊक असायचा, कारण त्यातल्या निम्म्या त्याच्या असत.

मी राहायला आलो त्यानंतरच्या पहिल्याच चैत्रात ती एका दुपारी म्हणाली, "ओ कारकून, दऊत काढ."

जिनाचा हंगाम संपला होता, मला काम नव्हतं. मी पोस्टाचं कार्ड घेऊन बसलो.

"लिही. तुया बहिनीचा आशीर्वाद. गुडघे दुखते. पुढच्या आखाजीले झोक्यावर चढता येईन का नाई, सांगता येत नाई. म्हनून या आखाजीले येतो."

"पुढं?"

"एकटी नाई येत. चौघं येतो. पिंजारीन येईन, मामा येईन, अन् हा कार्ड लिहिनारा येईन."

"मी कशाला?" मी म्हणालो.

"तू पेटी उचलाले. लिही. चौघाईले तुया घरी पानी भेटनार असन, तर गाडी पाठव. नसन भेटनार, तर गाडी नोको पाठवू. मी समजून घेईन."

आतून खाला म्हणाली, "आपा, मेरा नाम मत लिखाव. तुम जाव ना अकेली. सालों बाद जाना है, उसमें मेरी काडी कायकू?"

"तू गप वं. तुले टाकून जाची असती तर बारा वर्स कायले गमावले?"

मग तिनं कुंकवाची डबी आणवली आणि कार्डाच्या खालच्या कोपऱ्याला बोट लावलं. शुभकार्याचं पत्र असलं की लावतात तसं. गल्लीतली एक बाई ओट्यापाशी उभी होती, ती चाचरत म्हणाली, "मोठीमाय, तुम्ही... कुंकू..." विधवेनं कुंकवाला हात लावावा का, एवढंच तिला म्हणायचं होतं. मोठीमाय म्हणाली, "माया कपायाले नाई लावत बाई, कार्डाच्या लावून राह्यली. कार्डाचा नवरा जिता हाये."

कार्ड घेऊन मी पोस्टाकडे निघालो. वाटेत पान खाल्लं. सुपारी दाढेत अडकली. एवढंच मला आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी सदरा धुवायला टाकताना मी खिसा उलटा केला. तीन-चार सुरळ्या पडल्या. त्यातली एक जाड होती. उलगडून पाहिली, तर पिवळट कार्डाचा तिकोनी तुकडा आणि त्यावर कुंकवाचं बोट.

आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. त्या काळी मयताचं कार्ड टाकायचं तर त्याचा कोपरा फाडून टाकत. कोपरा फाटलेलं कार्ड आलं की ते घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर उभं राहून कोणाकडून तरी वाचून घ्यायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. ज्यांच्याकडे वाचणारा नसे ते कोपरा पाहूनच काय ते समजत. मोठीमायचा भाऊ अंगठेबहाद्दर. गावात वाचणारा एक शाळामास्तर, तो उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या गावी गेलेला. म्हणजे माझ्या कार्डातलं आशीर्वाद, गुडघे, चौघं, गाडी, यातलं काही तिथं पोचणार नव्हतं. पोचणार होता तो फक्त नसलेला कोपरा.

मी ओला सदरा हातात घेऊन अंगणात तीन फेऱ्या मारल्या. मामा कडुलिंबाखाली बसला होता. म्हणाला, "काय बे, सदरा वाळवून राह्यला का फिरवून?" मी त्याला तुकडा दाखवला. मामानं तो तीन बोटांत धरला, उलटा केला, सुलटा केला.

"माय मारली का बे तू?" तो हळूच म्हणाला.

"आता काय करू?"

"तिले सांग."

"नाही जमणार."

"मंग दुसरं कार्ड टाक. बाई जिती हाय म्हनाव."

मी लगेच टाकलं. चारही कोपरे मोजून टाकलं. पेटीत टाकल्यावर पुन्हा हात घालून तपासता येतं का पाहत होतो, तर पोस्टातला माणूस बाहेर आला. मी त्याला विचारलं की तीन दिवसांपूर्वीचं एक कार्ड परत मिळेल का. तो म्हणाला, "ते आता सरकारचं झालं." म्हणजे माझा मूर्खपणाही सरकारजमा झाला होता.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. मला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना उठायचो. पत्ते खेळताना हुकूम काय ते विसरायचो, मामा माझ्यावर सलग अकरा डाव चढला आणि त्यालाच त्याचा कंटाळा आला. सकाळी एकदा पोस्टात, दुपारी चिखलीची सर्व्हिस मोटार यायच्या वेळी अड्ड्यावर, संध्याकाळी पुन्हा पोस्टात. आणि घरी आलो की मोठीमाय ओट्यावर.

"कार्ड आलं का बे?"

"नाही."

"गाडीच पाठवत असन. कार्ड कायले टाकीन? तो पयल्यापासून कमी बोलते."

तिची तयारी सुरू होती, हे सगळ्यात वाईट. भावजयीसाठी खण काढून ठेवला. खालाकडून भावासाठी एक नवी उशी भरून घेतली. खाला कापूस पिंजत असे आणि कमानीच्या प्रत्येक टणत्कारासरशी मी दाराकडे बघत असे. मग एके दिवशी कडुलिंबाला दोर बांधून झोका केला. "सवय पाह्यजे ना. तिथं जाऊन पडली तर भावजय हासन." दोर बळकट आहे का ते पाहायला तिनं आधी मला बसवलं. दोर बळकट निघाला, गाठ माझी होती. मी आपटलो. ती इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि खाला तिच्या पाठीवर हात फिरवत माझ्याकडे पाहत राहिली.

"तेरे पेट में कुछ है," ती मला नंतर म्हणाली. "जो आपाकू बोलना है और तू बोलता नहीं."

मी म्हणालो, अपचन आहे. तिनं ओवा दिला. तो मी खाल्ला.

शेवटी मी ठरवलं की स्वतःच जायचं आणि भावाला सगळं सांगायचं. सकाळच्या मोटारीत बसलो. घाटाच्या पायथ्याशी मोटार इंजिनात पाणी टाकायला थांबली. मीही उतरलो, आणि रस्त्याकडेला उभा राहून मनातल्या मनात तालीम केली. राम राम, तुमची बहीण मेली नाही, मी सुपारी काढत होतो. पुन्हा म्हणून पाहिलं. राम राम, मी सुपारी काढत होतो, म्हणून तुमची बहीण मेली. कसंही फिरवलं तरी वाक्य मार खायचंच होतं. मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. मी हातानंच त्याला जा म्हणालो. मग एका कडब्याच्या गाडीच्या मागं मागं चालत संध्याकाळी खामगावला परत आलो. आयुष्यात धैर्यानं केलेला तो माझा पहिला प्रवास, आणि तो असा अर्ध्यावर संपला.

त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, मी ओट्यावर बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस दिसला. साठीचा, उंच, अनवाणी, डोक्यावरून उपरणं घेतलेला. वरचा ओठ ताजा भादरलेला. बाकीच्या चेहऱ्याहून तो ओठ पांढरा दिसत होता, जणू तिथलं ऊन गेली चाळीस वर्षं मिशीनं अडवून धरलं होतं. तो ओट्याशी आला, दाराकडे पाहिलं आणि खांबाला धरून एकदम रडायला लागला.

"कवा नेलं?" त्यानं मला विचारलं.

मला सगळं समजलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "कोणाला?"

"माह्या बहिणीला रे! कवा नेलं? तोंडबी नाही पाहू दिलं." तो ओट्यावर बसला आणि उपरण्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागला. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. एवढा मोठा माणूस रडताना पाहिला की माझे पाय मला विचारत नाहीत.

आवाज ऐकून खाला दारात आली. तिनं त्याला पाहिलं. तिला वाटलं असावं, कोणी वाटसरू आहे, ऊन लागलं आहे. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. त्याच्या हाताला तांब्या लावताना तिनं त्याचा चेहरा जवळून पाहिला. मिशी नव्हती तरी तिनं ओळखलं. ज्यानं आपलं पाणी सांडलं त्याचं तोंड माणूस विसरत नाही. पण तिनं तांब्या मागं घेतला नाही.

तो डोळे मिटून प्यायला. सगळा तांब्या.

"और लाऊं?" खालानं विचारलं.

त्यानं मान हलवली. खालानं दुसरा तांब्या आणला. तोही तो प्यायला. आणि तो तोंडाशी असतानाच मागच्या अंगणातून दोर करकरल्याचा आवाज आला, आणि त्या मागून मोठीमायचा फाटका आवाज. भावजयीला शिव्या देणारं गाणं होतं, तिचं तिनंच जुळवलेलं, त्यात भावजयीच्या चुलीवर मांजर बसलेलं होतं आणि ते उठायला तयार नव्हतं.

भावाच्या हातून तांब्या पडला.

तो घरातून धावत अंगणात गेला, आम्ही त्याच्या मागं. मोठीमाय झोक्यावर, पदर कमरेला, पाय हवेत. तिनं त्याला पाहिलं आणि झोका जमिनीला पाय घासत थांबवला. बारा वर्षांनी भाऊ दिसल्यावर ती पहिलं काय म्हणाली असेल?

"मिशी कुठी गेली बे तुयी?"

भावाचं तोंड उघडंच राहिलं. "तू... तुझं कार्ड आलं. कोपरा फाटलेलं. टपालवाला खामगावचा शिक्का म्हणला, खामगावात तुझ्याबिगर माझं कोण? गावभर रडारड झाली. तू आईच्या जागी, म्हणून मी मिशी उतरवली. कार्ड नदीत टाकलं." मग त्याला राग यायला सुरुवात झाली. "कामून असं केलंस?"

मोठीमायनं आमच्याकडे पाहिलं. मामानं लगेच आभाळाकडे पाहिलं. मी खिशातून तो तिकोनी तुकडा काढून तिच्या हातात ठेवला. कुंकू आता काळपट झालं होतं.

"दाढेत सुपारी होती," मी म्हणालो.

भावानं पायातलं काढायला हात घातला, पण तो अनवाणी आला होता. मोठीमाय आधी तुकड्याकडे पाहत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. झोक्याचा दोर धरून हसत होती, खाली बसून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईतो.

"बारा वर्स जिती होती तं तुले रस्ता सापडला नाई," ती भावाला म्हणाली. "एक दिवस मेली तं अनवानी धावत आला. मले माहीत असतं तं पयलेच मेली असती ना रे!"

मग ती उठली, त्याच्या जवळ आली, त्याच्या ओल्या ओठावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "पानी गोड लागलं का?"

तेव्हा कुठं त्यानं खालाकडे नीट पाहिलं. खाला दारात, रिकामा तांब्या छातीशी धरून. माझी बोटं खिशात कागद शोधत होती आणि तिथं काही नव्हतं.

"मी शोकात होतो," भाऊ म्हणाला. "शोकातल्या माणसाला दोष नसतो."

"मंग मले मेलेलीच राहू दे," मोठीमाय म्हणाली. "तू शोकात येत जाय."

तिनं कार्डात काय लिहिलं होतं ते मग सांगितलं. चौघं, पाणी, गाडी. त्यानं ऐकून घेतलं. "एकटी चल, आत्ताच चल," तो म्हणाला. "एकटी नाई," ती म्हणाली. त्यानं झोक्याचा दोर एकदा ओढून पाहिला. मग उपरणं झटकून निघून गेला. नवी उशी तशीच राहिली.

त्यानंतर मी मोठीमायला पहिल्यांदा गप्प पाहिलं. मला ती एक शब्द रागावली नाही, हेच मला सहन होईना. मी तिच्यापुढं जाऊन म्हणालो, "मोठीमाय, मारा मला." ती म्हणाली, "तुले मारून माह्या हात दुखन. जा, विडी आन." मी विडी आणली. ती न पेटवता हातात धरून बसली. रोज सकाळी गल्लीतून गाडीचा आवाज आला की तिची मान वळायची आणि पुन्हा सरळ व्हायची. मी तर गल्लीच्या तोंडाशीच उभा असायचो. बाजारातून निघालेली प्रत्येक कापसाची, कडब्याची, सरपणाची गाडी मी डोळ्यांनी आमच्या दारापर्यंत ओढत आणायचो आणि ती पुढं निघून जायची. खाला दोनदा म्हणाली, "आपा, तुम जाव." दोनदाही मोठीमायनं तिला शिवी दिली. जुन्या दमाची नव्हती ती शिवी.

आखाजीला चार दिवस उरले असताना सकाळी एक बैलगाडी गल्लीत आली आणि आमच्या दाराशी थांबली. पुढं घाटावरचा सालगडी, मागं कडबा पसरून त्यावर वाकळ.

"बाईला न्यायला आलो," तो म्हणाला. "मालकानं म्हणलंय, चौघं या."

मोठीमाय ओट्यावरून उठली. कोणाशी काही न बोलता आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात खण होता. "पाहून काय राह्यले? बसा!"

मी पेटी गाडीत ठेवली आणि पाय वर घेऊ लागलो. सालगड्यानं चाबूक आडवा धरला.

"मालकानं अजून एक म्हणलंय. कारकुनाला मागून चालत आणा."

मी चाललो. घाट पायी चढलो. मोठीमाय गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसली होती, दोन दिवस सबंध वाट माझ्याकडे पाहत, आणि चढ लागला की म्हणायची, "दाढ कशी हाय बे आता?"

तिथं सगळं गोडच झालं असं मी लिहिणार नाही. मेलेली बाई पाहायला गाव लोटलं होतं, आणि मोठीमायनं ओसरीवर उभं राहून विचारलं, "माह्या मौतीले कोन कोन रडलं, हात वर करा!" बायकांनी हात वर केले, दोन न रडलेल्यांनीही केले. पण भावजयीनं खालाचं ताट ओसरीच्या टोकाला, वेगळं वाढलं. मोठीमायनं आपलं ताट उचललं आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. मामा गेला. मी गेलो. भाऊ आत एकटाच जेवला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी, आखाजीला, तो पाटावरून उठला, ताट हातात घेऊन ओसरीवर आला, मोठीमायच्या पलीकडे बसला आणि खाली मान घालून जेवू लागला. खालाकडे त्यानं पाहिलं नाही. पण बसला.

त्याच दुपारी भावजयीनं आढ्यात खोचलेलं एक कार्ड काढलं. भाऊ खामगावला निघाल्यावर आलेलं. कोपरे शाबूत होते म्हणून जपून ठेवलेलं, पण वाचणारं कोणी नव्हतं. "तुमी शिकलेले हाय," ती मला म्हणाली, "वाचा बरं मोठ्यानं." सगळ्या गावासमोर, झोक्यावर बसलेल्या मोठीमायसमोर, मी माझंच कार्ड वाचलं. "मोठीमाय जिवंत आहेत. काळजी नसावी." मोठीमाय झोक्यावरून म्हणाली, "खबर पक्की हाय का बे?"

पुढं पाच आखाज्या गाडी येत राहिली. मला दुसऱ्या वर्षापासून बसू दिलं. भावाची मिशी परत आली.

सहाव्या वर्षी फाल्गुनात मोठीमाय दोन दिवसांच्या तापात गेली. शेवटपर्यंत तिला पत्ते हवे होते, आणि मामानं तिला शेवटचा डाव जिंकू दिला. ते तिच्या लक्षात आलं, म्हणाली, "तीन बोटाच्या, मले भीक नोको घालू." कार्ड लिहायला मीच बसलो. लिहिलं. पण कोपऱ्याला हात लावायची वेळ आली आणि माझी बोटं हलेनात. जन्मभर न विचारता फाडत आलेली बोटं. शेवटी खालानं कार्ड माझ्या हातातून घेतलं, कोपरा फाडला, आणि तो तुकडा आपल्या पदराला बांधला.

चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी भाऊ दिसला. पायात वहाणा, ओठावर मिशी, काखेत नव्या लुगड्याची घडी. मास्तरानं कार्ड वाचून दाखवलं होतं, पण अक्षर कारकुनाचं आहे म्हटल्यावर यानं ते मनावर घेतलं नव्हतं. लांबूनच हसत ओरडला, "काय वो बाई, किती खेपा मरशील?"

ओट्यावर मामा होता, मी होतो. आम्ही कोणी हसलो नाही. अंगणातून दोराचा आवाज येतो का म्हणून तो थांबला. मग लुगडं ओट्यावर ठेवलं आणि त्या घडीशेजारी बसला.

खाला तांब्या घेऊन दारात आली. त्यानं वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तांब्या घेतला.